एकोणिसाव्या वर्षी साहेब

(सांगली येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



हेन्री फेयॉल यांची चौदा तत्त्वे पाठ नाहीत असा बीबीएचा विद्यार्थी महाराष्ट्रात सापडायचा नाही. बारावी वाणिज्यच्या पुस्तकात ती पहिल्याच प्रकरणात भेटतात. पदवीच्या पहिल्या सत्रात पुन्हा येतात, आणि मुलाने पुढे एमबीए केलेच तर तिसऱ्यांदा. श्रमविभागणी, अधिकार व जबाबदारी, शिस्त, आदेशातील एकवाक्यता... झोपेतून उठवले तरी मूल सुरू होते.

हे फेयॉल कोण, ते मात्र कुणी सांगत नाही. ते खाणीचे इंजिनिअर. फ्रान्समधली एक खाण आणि पोलाद कंपनी डबघाईला आली असताना १८८८ साली तिची सूत्रे त्यांच्याकडे आली. त्यांनी ती सावरली आणि पुढची तीस वर्षे चालवली. १९१६ साली, वयाच्या पंच्याहत्तरीत, त्यांनी आपले पुस्तक प्रसिद्ध केले. चौदा या आकड्याचे त्यांना स्वतःला काही कौतुक नव्हते. तत्त्वांची संख्या ठरलेली नाही, मला जी वारंवार वापरावी लागली ती सांगतो, असा त्यांचा सूर आहे.

तर पंच्याहत्तरीच्या माणसाने आयुष्याच्या शेवटी बांधलेली ही शिदोरी आपण एकोणीस वर्षांच्या मुलाकडून पाच गुणांसाठी वदवून घेतो. त्याने खाण पाहिलेली नसते, कारखाना आतून पाहिलेला नसतो, कुणाच्या हाताखाली आठवडाभर काम केलेले नसते. आदेशातील एकवाक्यता म्हणजे काय, हे त्याला कळणार कसे? एकाच दुपारी दोन साहेबांनी दोन उलट कामे सांगावीत, आणि संध्याकाळी दोघांचीही बोलणी खावीत, म्हणजे ते तत्त्व कायमचे कळते.

आजचा विषय एवढाच आहे. पदवीच्या पातळीवरचे व्यवस्थापनाचे शिक्षण. मग त्याला बीबीए म्हणा, बीएमएस म्हणा की बीबीएम. माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना ते पटणार नाही त्यांना मनात वाद घालायला तासभर मिळेल. या मुलांना आपण साहेबाची भाषा शिकवतो आणि धंदा दाखवायचे विसरतो. ज्या वयात हिशेब, कायदा, बाजार आणि माणसे जवळून बघायची, त्या वयात आपण त्यांच्या हातात तत्त्वांच्या याद्या ठेवतो. मी हिशेबशास्त्राचा मास्तर, तेव्हा माझा कल कुठे असणार हे उघड आहे. तो वजा करून ऐका.

फेयॉल यांना दोष देण्याचे कारण नाही. व्यवस्थापन हा विषय रीतसर शिकवला पाहिजे असे आग्रहाने मांडणाऱ्यांत ते पहिल्या रांगेत होते. फ्रान्समधल्या इंजिनिअरिंगच्या संस्था गणिताचा मारा करतात आणि माणसे कशी सांभाळायची याबद्दल अवाक्षर काढत नाहीत, अशी त्यांची तक्रार होती. पण त्यांच्या डोळ्यांसमोर होता तो खाणीत उतरणारा तरुण इंजिनिअर. त्याच्याकडे खाण आधीच होती.

पदवीच्या वयात धंद्याचे शिक्षण विद्यापीठातून द्यायचे, ही कल्पना अमेरिकेत रुजली ती फिलाडेल्फियात. जोसेफ व्हार्टन या निकेल-लोखंडाच्या कारखानदाराने १८८१ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाला १ लाख डॉलर दिले. त्याने काय शिकवायला सांगितले होते ते पाहण्यासारखे आहे: हिशेब, चलन, कर, उद्योग आणि वाहतूक, व्यापारी कायदा. शिवाय एक अट अशी की, देशी उद्योगांना जकातीचे संरक्षण हवे, हे मत विद्यार्थ्यांच्या मनावर ठसले पाहिजे. देणगीदाराचा हट्ट तेव्हाही होता. पण या हट्टाचा धागा आपल्याकडे येतो. १८९२ साली न्यायमूर्ती रानडे यांनी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात भारतीय अर्थशास्त्रावर जे व्याख्यान दिले, त्यात खुल्या व्यापाराचे इंग्रजी शास्त्र जसेच्या तसे हिंदुस्थानला लावू नका असे सांगताना त्यांनी जर्मनीच्या लिस्ट आणि अमेरिकेच्या केरी या अर्थशास्त्रज्ञांचा आधार घेतला. हेन्री केरी हा फिलाडेल्फियाचाच. व्हार्टन ज्या विचारांच्या हवेत वाढला, तीच हवा पुण्यात रानडे आपल्या कारणांसाठी घेत होते. बीबीएच्या मुलाला हे सांगितले तर जकात म्हणजे काय, ती कुणाला हवी असते आणि कुणाला नको असते, हा अख्खा तास उभा राहतो. आपण सांगत नाही.

आणखी एक धागा. फ्रेडरिक टेलर यांच्या शास्त्रीय व्यवस्थापनावर प्रत्येक परीक्षेत प्रश्न असतो. टेलर यांचे सर्वात गाजलेले प्रयोग १८९८ ते १९०१ या काळात बेथलेहेम स्टील कंपनीत झाले, आणि त्या कंपनीचा एक बडा भागधारक हाच जोसेफ व्हार्टन. तिथे एक मजूर कच्च्या लोखंडाच्या लाद्या वाघिणीत भरायचा. टेलर यांनी पुस्तकात त्याला श्मिट असे नाव दिले आहे. दिवसाला साडेबारा टन भरणारा हा माणूस शास्त्रीय पद्धतीने साडेसत्तेचाळीस टन भरू लागला आणि त्याची मजुरी १.१५ डॉलरवरून १.८५ डॉलर झाली, असे टेलर सांगतात. आमची मुले 'कालाभ्यास, गतिअभ्यास, प्रेरक वेतन' असे तीन मथळे लिहून मोकळी होतात. मी वर्गात हेच आकडे फळ्यावर लिहायचो आणि गप्प बसायचो. काम जवळजवळ चौपट झाले, मजुरी दीडपटीच्या थोडी वर गेली. मग एखादी मुलगी विचारायची, 'सर, मधले कुठे गेले?' त्या दिवशी तास चांगला झाला असे मी समजायचो. पुढे त्याच वर्गात टेलर यांच्या कथेवर संशोधकांनी काय शंका घेतल्या तेही सांगता येते. पण ते अभ्यासक्रमात नाही, म्हणजे परीक्षेत नाही, म्हणजे कुणाच्या वहीत नाही.

तीच गत मास्लोच्या पिरॅमिडची. अब्राहम मास्लो यांनी मानवी गरजांची चढती भाजणी १९४३ साली मांडली हे खरे. पिरॅमिड त्यांनी काढलाच नव्हता. ती आकृती नंतरच्या सल्लागारांनी आणि पाठ्यपुस्तकवाल्यांनी काढली. आमच्याकडे मात्र आकृती नसेल तर एक गुण कापतात.

अमेरिकेतही हे सगळे सुरळीत चालले आहे असे समजू नका. तिथे पदवीच्या पातळीवर सर्वाधिक विद्यार्थी आज याच शाखेत आहेत. साधारण पाचातला एक. पण १९५९ साली फोर्ड आणि कार्नेगी या दोन प्रतिष्ठानांच्या पुढाकाराने दोन स्वतंत्र अहवाल निघाले आणि दोन्हींनी पदवीच्या धंदेशिक्षणावर कोरडे ओढले. अभ्यासक्रम उथळ आहेत, कारकुनी कौशल्यांचे तुकडे शिकवले जातात, गणित, समाजशास्त्रे, भाषा यांची बैठक नाही, असा त्यांचा रोख होता. त्यानंतर संख्याशास्त्र आणि अर्थशास्त्र वाढले, पण दुखणे गेले नाही. २०११ साली कार्नेगीच्याच शिक्षण प्रतिष्ठानाकडून आलेल्या ग्रंथात पुन्हा तेच रडगाणे आहे: धंद्याची पदवी घेणाऱ्या मुलांना इतिहास, तत्त्वज्ञान, साहित्य यांच्याशी जोडा, नाहीतर ती फक्त तंत्र शिकून बाहेर पडतील. पन्नास वर्षांच्या अंतराने तेच निदान.

आता आपल्याकडे येऊ. मुंबईचे सिडनहॅम कॉलेज १९१३ साली निघाले. आशियातले पहिले वाणिज्य महाविद्यालय असा त्याचा लौकिक आहे. तिथे १९१८ ते १९२० या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर राजकीय अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. प्राध्यापकांच्या खोलीतल्या पाण्याच्या भांड्यावरून सहकाऱ्यांनी केलेली कुरकूर आपल्याला माहीत असते. ते काय शिकवण्याच्या तयारीने आले होते, हे कमी माहीत असते. त्याच १९१८ साली त्यांचा लहान शेतजमिनींवरचा निबंध प्रसिद्ध झाला. जमिनीचे तुकडे लहान म्हणून शेती परवडत नाही, तेव्हा तुकडे जोडा, असे तेव्हाचे सगळे तज्ज्ञ सांगत होते. आंबेडकर म्हणाले, जमीन लहान की मोठी हे एकरांवरून ठरत नाही. तिच्यावर राबणारे हात किती, अवजारे आणि भांडवल किती, यांच्याशी तिचे प्रमाण काय, यावर ते ठरते. भांडवल नसेल तर मोठी जमीनही तोट्याची. खरे दुखणे शेतीवर रिकामे पडलेल्या हातांचे आहे, आणि त्यावरचा उपाय उद्योगधंदे वाढवण्यात आहे.

हा निबंध मी व्यवस्थापनाच्या पहिल्या वर्षाला लावला असता. उत्पादनाचे घटक, त्यांचे प्रमाण, उपक्रमाचा योग्य आकार. सगळा 'प्रॉडक्शन मॅनेजमेंट'चा पाया त्यात आहे, आणि तो जत-आटपाडीच्या मुलाला आपल्या बापाच्या शेतावर तपासून बघता येतो. एवढा मोठा मास्तर आपल्या वाणिज्य शिक्षणाच्या पहिल्याच दशकात होऊन गेला, आणि आपण मुलांना अजून 'डिट्रॉइटमधील एका मोटार कंपनीचे उदाहरण घेऊ' असे सांगतो.

स्वातंत्र्यानंतर वाट बदलली. १९६१ साली कोलकाता आणि अहमदाबादला आयआयएम निघाल्या, १९६५ साली मुंबई विद्यापीठाची जमनालाल बजाज संस्था. या सगळ्या पदवीनंतरच्या. पदवीला बी.कॉम. होतेच, आणि ते तसे निरोगी होते: खतावणी, लेखापरीक्षण, कंपनी कायदा, बँकिंग, अर्थशास्त्र. कंटाळवाणे होते, मान्य. पण बी.कॉम. झालेला पोरगा पेढीवर बसला तर पहिल्या महिन्यात ताळा जुळवून द्यायचा.

मुंबई विद्यापीठाने १९९९ मध्ये बीएमएस सुरू केले. पुणे, कोल्हापूर, नागपूर, सगळीकडे बीबीएचे वर्ग वाढत गेले. कारण सांगायला अर्थशास्त्रज्ञ नको. उदारीकरणानंतर एमबीएला भाव आला होता, आई-बापांना वाटले की हीच गोष्ट तीन वर्षे आधी मिळत असेल तर काय वाईट. आणि संस्थाचालकांना दिसले की त्याच इमारतीत, त्याच बाकांवर, दुपारच्या वेळात विनाअनुदानित तुकडी चालवता येते. साठ मुले, बी.कॉम.च्या कितीतरी पट फी, आणि शिकवायला तासिका तत्त्वावरचे तरुण मास्तर. या मास्तरांबद्दल माझ्या मनात फक्त आदर आहे. सकाळी एका कॉलेजात मार्केटिंग, दुपारी दुसऱ्यात मानवी संसाधन, संध्याकाळी क्लासमध्ये अकाउंट्स. मे महिन्यात पगार नाही. असा माणूस मुलांना 'कर्मचाऱ्यांचे मनोबल' शिकवतो, आणि मुलेही हसत नाहीत.

या घाईतून जे जन्माला आले त्याला मी छोटे एमबीए म्हणतो. मोठ्या अभ्यासक्रमातली विषयांची यादी घेतली, प्रत्येक विषय अर्धा केला आणि सहा सत्रांत वाटला. पण एमबीएच्या वर्गात निदान काही जण तरी दोन-तीन वर्षे कुठेतरी नोकरी करून आलेले असतात. चर्चा होते ती त्यांच्या जोरावर. इथे वर्गात सगळेच बारावीतून आलेले.

२०२४ साली आणखी एक वळण आले. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने बीबीए, बीएमएस, बीसीए हे अभ्यासक्रम आपल्या अखत्यारीत घेतले. महाराष्ट्रात त्या वर्षापासून प्रवेशासाठी सीईटी आली. या परीक्षेत इंग्रजी होते, तर्क होता, सामान्यज्ञान होते, संगणकाची तोंडओळख होती. जागा उदंड आणि परीक्षा देणारे थोडे, म्हणून त्याच उन्हाळ्या-पावसाळ्यात पुन्हा एकदा सीईटी घ्यावी लागली. दरम्यान अनेक कॉलेजांनी पाटीच बदलली. कालपर्यंतचे बीएमएस आता 'बी.कॉम. मॅनेजमेंट स्टडीज' झाले. शिक्षक तेच, बाके तीच, नोट्स त्याच. व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमाने आपल्या पहिल्या मोठ्या संकटातून काढलेली ही वाट पाहून एखाद्या जुन्या व्यापाऱ्याने कौतुकच केले असते. परिषदेने आदर्श अभ्यासक्रमही काढला. तो वाईट नाही. पण दिल्लीत बसून सगळ्या देशासाठी लिहिलेल्या अभ्यासक्रमात सांगलीच्या बाजारातली हळद येणार नाही, आणि ती तिथे यावी अशी अपेक्षाही चूक आहे. ती भर घालणे विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाचे आणि कॉलेजांचे काम.

हळदीकडे येण्याआधी 'ब्लॅक बुक'बद्दल दोन शब्द. मुंबईकडे शेवटच्या वर्षाच्या प्रकल्प-अहवालाला हेच नाव आहे: काळ्या रेक्झिनची बांधणी, वर सोनेरी ठसे. आतला मजकूर बाजारात मिळतो. प्रश्नावली व्हॉट्सॲपवर मित्रांना पाठवली जाते, पन्नास उत्तरे येतात, त्यांचे गोल रंगीत तक्ते होतात, आणि निष्कर्ष असा निघतो की बहुसंख्य ग्राहक समाधानी आहेत. इतके समाधानी ग्राहक महाराष्ट्रातल्या कुठल्याच धंद्याला आजवर मिळाले नसतील. मुलांना मी बोल लावत नाही. ज्याला दुकानदाराशी बोलायला कुणी पाठवलेच नाही, तो आणखी काय करणार?

आता हळद. आपण बसलो आहोत त्या सभागृहापासून मार्केट यार्ड रिक्षाच्या अंतरावर आहे. तिथे राजापुरी हळद येते, कर्नाटकातली येते, लांबलांबून येते. शेतकरी शिजवून, वाळवून, पॉलिश करून हळकुंडे आणतो, अडत्याच्या दुकानात ढीग लागतो, सौदे निघतात. खरेदीदार हळकुंड मोडून बघतो. सौद्यानंतर शेतकऱ्याच्या हातात हिशेबाची पट्टी पडते. त्या एका कागदात बीबीएच्या तीन वर्षांचा निम्मा अभ्यासक्रम आहे असे मी म्हणालो तर ती अतिशयोक्ती वाटेल, म्हणून जरा उलगडून सांगतो.

पट्टीवर वजन आहे, दर आहे, त्यातून वजा झालेली हमाली, तोलाई आहे. शेतकऱ्याने हंगामाआधी अडत्याकडून घेतलेली उचलही तिथेच कापली जाते. म्हणजे अडत्या हा दलाल तर आहेच, वर सावकारही आहे. कायद्याने शेतकऱ्याला पैसे लगेच द्यायचे. खरेदीदाराकडून मात्र ते सवडीने येतात. मधल्या दिवसांचा पैसा कुणाचा? याला पुस्तकात 'वर्किंग कॅपिटल' म्हणतात आणि त्यावर दहा गुणांचे गणित येते. गणित सोडवणाऱ्या मुलाला हे माहीत नसते की त्याच्या मावशीच्या हळदीची पट्टी त्याच गणिताचे उत्तर आहे.

बाजार समितीचा कायदा १९६३ चा. तो का झाला? कारण त्याआधी रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरत आणि ज्याचा माल त्यालाच भाव कळत नसे. माहिती एका बाजूला जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी असली की बाजार कसा बिघडतो, यावर नोबेल मिळालेले आहे. आपण ते नोबेलवाल्यांच्या नावासह शिकवतो आणि रुमालाचा उल्लेख करत नाही.

हळकुंड हा शेतमाल की मसाला? हा प्रश्न भाषेचा नाही, कराचा आहे. शेतकरी हळद शिजवतो, वाळवतो, पॉलिश करतो, म्हणजे ती 'प्रक्रिया' झाली का? झाली असेल तर अडत्याच्या अडतीवर जीएसटी लागतो का? यावर इथल्या अडत्यांचा आणि खात्याचा वाद प्राधिकरणापर्यंत गेला होता. करकायद्याचा याहून जिवंत तास मला सुचत नाही. दोन बाजूंनी दोन गट उभे करा, निवाडे वाचायला द्या. ते इंग्रजीत आहेत, इंग्रजीही सुधारेल.

मग हरिपूरची पेवे, म्हणजे जमिनीत खोदलेली कोठारे. वरून अरुंद तोंड, आत खोल पोट, आणि त्यात वर्षानुवर्षे न किडता राहिलेली हळद. भाव पडलेला असेल तर हळद पेवात टाकायची, चढला की काढायची. म्हणजे साठवणुकीचा खर्च, अडकलेल्या पैशाचे व्याज, भाव चढेल की नाही याचा जुगार. उघडल्यावर पेवात लगेच उतरत नाहीत, आत गुदमरायचा धोका असतो. म्हणजे कामगारांची सुरक्षितताही आली. २००५ च्या महापुरात पाणी पेवांमध्ये शिरले आणि शतकाची एक व्यवस्था मोडकळीला आली. जोखीम, विमा, पर्यायी गोदामे, आणि आता हळदीचा वायदेबाजार. जोखीम-व्यवस्थापनाच्या पुस्तकात अमेरिकेतल्या धान्याच्या कोठारांचे उदाहरण असते. ते असू दे. पण हरिपूरला जायला कृष्णेच्या काठाने संध्याकाळी फिरायला निघाल्यासारखे जाता येते.

आणि हमाल. मानवी संसाधनाच्या तासाला मुले 'कामगिरीचे मूल्यमापन', 'नेतृत्वशैली' शिकतात. महाराष्ट्राचा १९६९ चा माथाडी कायदा बहुतेकांनी ऐकलेला नसतो. कायम मालक नसलेल्या, आज या गाळ्यावर तर उद्या त्या गाळ्यावर ओझे उचलणाऱ्या माणसाला भविष्य निर्वाह निधी आणि बोनस कसा द्यायचा, हा प्रश्न या राज्याने पन्नास वर्षांपूर्वी सोडवायला घेतला. मालकांनी नोंदणी करायची, मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही माथाडी मंडळाकडे भरायची, मंडळाने कामगाराला द्यायचे. त्यात गैरप्रकार झाले, होतात, तेही शिकवा. आज घरपोच जेवण पोहोचवणाऱ्या पोरांना कामगार म्हणायचे की भागीदार, यावर जगभर कोर्टकचेऱ्या चालल्या आहेत. त्या प्रश्नाचे एक जुने, वापरलेले, झिजलेले उत्तर आपल्या यार्डात पाठीवर पोती घेऊन फिरते आहे.

कुणी म्हणेल, हे सगळे बाजारपेठेचे झाले. आमच्या मुलांना कंपन्यांत जायचे आहे. ठीक, कंपनी घेऊ. याच जिल्ह्यात किर्लोस्करवाडी आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या तांत्रिक संस्थेतली मास्तरकी सोडून बेळगावला सायकलींच्या दुकानात आले, तिथून नांगराकडे वळले. लोखंडी नांगराने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती, आणि पहिले नांगर दोन वर्षे पडून राहिले. बेळगावातून जागा सोडायची वेळ आली तेव्हा औंधच्या राजेसाहेबांनी कुंडलच्या माळावर जमीन दिली. १९१० साली वाडी वसली. त्या माळावर राखणदार म्हणून लक्ष्मणरावांनी कुणाला नेमले? तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग, दोघेही शिक्षा भोगून आलेले. हा निर्णय बरोबर होता की धाडसाचा, यावर 'भरती आणि निवड' या प्रकरणाचे दोन तास सहज जातील.

नांगर खपवायला पुढे काय केले? १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' काढले. कारखान्याच्या मालाची माहिती देणारे ते पत्रक वाढत वाढत महाराष्ट्राचे आघाडीचे मासिक झाले. ज्याला आज 'कंटेंट मार्केटिंग' म्हणून पंधरा हजारांचा ऑनलाइन कोर्स विकला जातो, ते इथल्या माळावर शंभर वर्षांपूर्वी होऊन गेले. आणि याच किर्लोस्करांचे नांगर व ओगल्यांच्या काचकारखान्याचा माल विकत गावोगाव फिरणारा एक विक्रेता होता. त्या फिरस्तीत त्याने खेड्यांमधली न शिकलेली पोरे पाहिली आणि १९१९ साली कराडजवळ काले इथे रयत शिक्षण संस्था काढली. कर्मवीर भाऊराव पाटलांचा हा विक्रेत्याचा काळ चरित्रात दोन-चार ओळींत उरकला जातो. मला तो फार महत्त्वाचा वाटतो. गावात शिरताना कुणाला आधी भेटायचे, नकार कसा पचवायचा, वसुलीला केव्हा जायचे, हे त्यांना नांगरांनी शिकवले असणार. पुढे गावागावांतून मूठ मूठ धान्य गोळा करताना ते कामी आले नसेल असे कसे म्हणावे? त्यांची 'कमवा आणि शिका' ही कल्पना आपण गरीब मुलांची सोय म्हणून पाहतो. व्यवस्थापनाच्या पदवीला ती सर्व मुलांसाठी सक्तीची करायला हवी, श्रीमंतांच्या मुलांना तर आधी.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने याला दार उघडले आहे. क्षेत्रीय प्रकल्प आहे, 'ऑन जॉब ट्रेनिंग'चे चार क्रेडिट आहेत. प्रत्यक्षात काय होते, ते इथे बसलेल्या पालकांना ठाऊक आहे. मामाच्या ओळखीच्या सीएकडून लेटरहेडवर प्रमाणपत्र येते. मामा नसलेल्या मुलाचे हाल होतात. म्हणून जागा शोधायचे काम मुलावर टाकू नये, ते कॉलेजाने करावे, आणि ते तिसऱ्या वर्षापर्यंत थांबवू नये. पहिल्याच सत्रात, फेयॉल यांच्या आधी, मुलाला सहा आठवडे कुणाच्या तरी हाताखाली टाका: अडत्याकडे, द्राक्ष-बेदाण्याच्या शीतगृहात, दूध संघात, छापखान्यात, औषधांच्या घाऊक दुकानात. काम लिहायचे, पोती मोजायचे, फोन घ्यायचे. रोज रात्री वहीत एक पान मराठीत. मग चौदा तत्त्वे शिकवा. त्यातली सहा-सात त्याला ओळखीची वाटतील, दोन-तीन खोटी वाटतील, आणि तो मास्तरांशी भांडेल.

भाषेचा मुद्दा आलाच आहे तर तो उरकतो. बहुतेक विद्यापीठांत या अभ्यासक्रमांचे माध्यम इंग्रजी आहे. वर्गात मास्तर मराठीत समजावतो, मुलगी इंग्रजीत पाठ करते, आणि मध्ये कुठेतरी अर्थ सांडतो. इंग्रजी यायलाच हवी. तिच्याशिवाय निर्यातीचे एक पत्र लिहिता येत नाही. पण इथल्या बाजाराबद्दल, कारखान्यांबद्दल, सहकारी संस्थांबद्दल मराठीत लिहिलेली प्रकरणांची (केस स्टडींची) शंभर पानांची पुस्तिकाही आपल्याकडे नसावी, याला काही निमित्त चालणार नाही. धनंजयराव गाडगीळ गोखले संस्थेत बसून अर्थशास्त्र लिहीत होते आणि त्याच वेळी विठ्ठलराव विखे पाटलांबरोबर प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा करून त्याचे पहिले अध्यक्षपदही सांभाळत होते. ग्रंथ आणि गाळप एकाच माणसाला जमत होते. त्या कारखान्याची स्थापना, भागभांडवल, ऊसउत्पादकांशी करार, आणि पुढे सहकाराला लागलेली राजकारणाची कीड, हे सगळे दहा चांगल्या प्रकरणांचे साहित्य आहे. आमच्या तासिका तत्त्वावरच्या मास्तरांना उन्हाळ्यात पगार देऊन हे लिहायला बसवा. विनाअनुदानित तुकड्यांच्या फीमधून एवढे निघते. मी हिशेब करून पाहिला आहे, ताळा जुळतो.

आणि वर्गात बाहेरची माणसे आणा. त्यासाठी नियमाची सबब सांगू नका. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ साली 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' या नावाची सोय केली आहे. पदवीची अट नाही, आपल्या क्षेत्रातला पंधरा वर्षांचा अनुभव हवा, आणि मंजूर पदांच्या दहा टक्क्यांपर्यंत अशा नेमणुका करता येतात. आता ज्या तुकडीत मंजूर पदच नाही तिथे दहा टक्के कशाचे काढायचे, असा प्रश्न एका प्राचार्यांनी मला केला होता, आणि तो रास्त आहे. पण पाहुणे व्याख्याते म्हणून, तासाच्या मानधनावर, कुणालाही बोलावता येते. तिसऱ्या वर्षाच्या तोंडी परीक्षेला एका बाजूला विद्यापीठाचा परीक्षक आणि शेजारच्या खुर्चीत तीस वर्षे सौदे केलेला अडत्या किंवा माथाडी मंडळावर काम केलेला हमालांचा पुढारी बसला, तर काळ्या रेक्झिनचे निम्मे अहवाल पहिल्या प्रश्नालाच उघडे पडतील. गुण विद्यापीठाच्या परीक्षकाने द्यावेत, प्रश्न दोघांनी विचारावेत. याला कुठलाही नियम आडवा येत नाही. यंदाच्या जूनपासून हे करायचे तर अडत्यांच्या आणि हमालांच्या संघटनांना एकेक पत्र जायला हवे. प्राचार्यांच्या सहीने, आणि ते मराठीत चालेल.